बंद पेटीतील टपाल : जुन्या ई-मेल संग्रहाचे चालू सर्व्हरवर स्थलांतर

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसेवा, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांना अग्रस्थान असते. संगणक विभागाच्या कामास त्यात दोन-चार ओळींहून अधिक जागा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. अहवाल वर्षात या विभागाने हाती घेतलेल्या एका कामाचा संबंध मात्र आमचे रुग्ण, देणगीदार आणि येथून निवृत्त झालेले वैद्यकीय सहकारी या सर्वांशी येतो. यास्तव त्याचे स्वरूप हितचिंतकांस सविस्तर समजावून सांगणे आम्हास आवश्यक वाटते. जुन्या, बंद डेटाबेसमध्ये पडून असलेला अनेक वर्षांचा ई-मेल पत्रव्यवहार चालू सर्व्हरवर परत आणणे, हे ते काम होय.

संग्रह कोणता आणि त्याची गरज काय

आमचा पत्रव्यवहार पूर्वी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २००७ या प्रणालीवर चालत असे. या आवृत्तीस उत्पादकांकडून मिळणारे साहाय्य ११ एप्रिल २०१७ रोजी संपले. पुढे नवा सर्व्हर आला, नवे मेलबॉक्स उघडले गेले आणि दैनंदिन काम त्यावर सुरू झाले. जुना सर्व्हर कालांतराने निकामी झाला. त्यावरील डेटाबेसच्या फाइली मात्र एका डिस्कवर जपून ठेवलेल्या होत्या.

फाइल जपली म्हणजे पत्रे जपली, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. एक्स्चेंजचा डेटाबेस ही एकच प्रचंड फाइल असते आणि शेकडो मेलबॉक्समधील पत्रे, जोडपत्रे, भेटींच्या नोंदी व पत्ते तीत एकमेकांत गुंफलेले असतात. सर्व्हरवाचून ती उघडत नाही. किल्ली हरवलेल्या तिजोरीसारखी तिची अवस्था असते : आत सर्व काही आहे, पण हाती काही लागत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करण्याच्या अटी दिल्या आहेत. माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने उपलब्ध असावी, ती मूळ स्वरूपात किंवा मुळाशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात असावी, आणि ती कोठून आली, कोठे गेली व केव्हा, हे ओळखता यावे. डिस्कवर निपचित पडलेली फाइल यांपैकी पहिली अटच पूर्ण करीत नाही.

कायद्याहून मोठा प्रश्न रुग्णाचा आहे. आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन करावेत आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावेत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत म्हटले आहे. आजार मात्र असा हिशेब पाळीत नाही. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयावर होणारा दुष्परिणाम आयुष्यभरात दिलेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. बरा होऊन गेलेला रुग्ण दहा-बारा वर्षांनी पुन्हा आला, तर पूर्वी किती मात्रा दिली गेली हे कळल्याशिवाय ते औषध पुन्हा देण्याचा निर्णय घेता येत नाही. पहिले उपचार अन्य गावी झाले असतील, तर तो गोषवारा अनेकदा तेथील डॉक्टरांनी ई-मेलने पाठविलेला असतो. बाहेरच्या विकृतिशास्त्रज्ञाने काचपट्टी पाहून दिलेले दुसरे मत, निर्धन रुग्ण निधीतून मदत मंजूर करताना झालेला पत्रव्यवहार, देणगीदाराने देणगीसोबत घातलेली अट, हे सारेही बहुधा पत्रांतच राहते. केसपेपरात त्याची नोंद असतेच असे नाही.

रोजकीर्द आणि खतावणी

हा डेटाबेस कसा चालतो, हे हिशेबाच्या जुन्या पद्धतीवरून चांगले समजते. पेढीवर दिवसभराचा प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहिला जातो आणि नंतर सवडीने ज्या त्या खात्यावर, खतावणीत चढविला जातो. एक्स्चेंजची रीतही हीच आहे. आलेले प्रत्येक पत्र आधी व्यवहारनोंदीच्या छोट्या फाइलींत लिहिले जाते. २००७ च्या आवृत्तीत अशी प्रत्येक फाइल १ मेगाबाइटची असते. तेथून ते सवडीने मुख्य डेटाबेसच्या ८ किलोबाइटच्या पानांवर चढते. कोठवर चढविले, याची खूण एका वेगळ्या फाइलीत ठेवली जाते. वीज अचानक गेली तरी पत्र हरवत नाही ते यामुळेच : खतावणी अपुरी राहिली तरी रोजकीर्द हाती असते.

सर्व्हर रीतसर बंद केला, तर उरलेल्या नोंदी खतावणीत चढवून मगच तो थांबतो. अशा फाइलीच्या मथळ्यात ‘क्लीन शटडाउन’ अशी नोंद आढळते. तो मध्येच थांबला, तर ‘डर्टी शटडाउन’ अशी नोंद राहते आणि रोजकीर्दीची कोणती पाने चढवावयाची राहिली, त्यांचे क्रमांकही मथळ्यातच असतात. ही पाने उपलब्ध असतील, तर प्रणालीसोबत येणारे ईएसई-युटिल हे उपकरण ती क्रमाने चढवून डेटाबेस सुस्थितीत आणते. पत्रे बहुधा एकही न गमावता परत मिळतात.

पाने गहाळ असतील, तर त्याच उपकरणाने सक्तीची दुरुस्ती करता येते. तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फाटलेली वा न जुळणारी पाने काढून टाकून उरलेली वही पुन्हा शिवणे, असे तिचे स्वरूप आहे. वही उघडते हे खरे. परंतु काढलेल्या पानांवर काय होते ते नंतर कळत नाही, आणि अशा दुरुस्तीनंतर रोजकीर्दीच्या जुन्या नोंदी त्या वहीत चढविता येत नाहीत. म्हणून हा उपाय सर्वांत शेवटचा, आणि तोही केवळ प्रतीवर करावयाचा.

मूळ प्रतीस हात लावला नाही

कामाचा पहिला नियम आम्ही असा ठरविला की, मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडावी. प्रत्येक फाइलीचे हॅश मूल्य प्रथम काढून नोंदवहीत लिहिले. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य पूर्णपणे बदलते. लखोट्यावरील लाखेच्या मोहोरेसारखा त्याचा उपयोग होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रातही हे मूल्य नमूद करावे लागते. पुढे एखाद्या पत्राची सत्यता न्यायालयात सिद्ध करण्याचा प्रसंग आल्यास ही नोंद आधारभूत ठरेल. त्यानंतर दोन प्रती काढल्या आणि सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर केले.

संग्रहात दोन डेटाबेस होते. एकाच्या व्यवहारनोंदी पूर्ण होत्या व तो सहज सुस्थितीत आला. दुसऱ्याच्या नोंदींतील एक फाइल कोठेही आढळली नाही. रोजकीर्दीतील मधले पान नसेल, तर त्यापुढील पाने हाती असूनही चढविता येत नाहीत. तेथे प्रतीवर सक्तीची दुरुस्ती करणे भाग पडले. त्या डेटाबेसमधून आलेल्या प्रत्येक मेलबॉक्सवर ‘संग्रह अपूर्ण असू शकतो’ अशी नोंद आम्ही कायमची ठेवली आहे. एखादे पत्र तेथे सापडले नाही, म्हणजे ते कधी आलेच नव्हते, असा निष्कर्ष कोणी काढू नये, एवढ्यासाठी ही नोंद.

स्थलांतराची वाट

एक्स्चेंजमध्ये जुना डेटाबेस तात्पुरता जोडून त्यातील पत्रे चालू मेलबॉक्समध्ये उतरविण्याची सोय आहे. तिला एक मर्यादा आहे : डेटाबेस आणि सर्व्हर यांची आवृत्ती एकच असावी लागते. २००७ ची फाइल आजच्या सर्व्हरला जोडता येत नाही. बंद फाइल परस्पर वाचणारी व्यापारी उपकरणे बाजारात मिळतात आणि ज्या संस्थेकडे जुन्या निर्देशिकेची प्रत उरलेली नाही, तिला तोच मार्ग सोयीचा पडतो. आमच्याकडे ती प्रत होती. म्हणून रुग्णालयाच्या जाळ्यापासून व इंटरनेटपासून पूर्णतः वेगळ्या ठेवलेल्या एका यंत्रावर आम्ही जुना सर्व्हर तात्पुरता उभा केला, त्यावर डेटाबेस जोडला, प्रत्येक मेलबॉक्स स्वतंत्र पीएसटी फाइलीत काढला आणि त्या फाइली चालू सर्व्हरवर आणल्या. सर्व रुग्णांची माहिती बाहेरच्या कोणाच्याही हाती न देता काम झाले, हा या मार्गाचा मोठा लाभ.

प्रत्येकाची जुनी पत्रे त्याच्या मेलबॉक्समध्ये ‘जुना पत्रव्यवहार’ या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, जेणेकरून आजच्या पत्रांत ती मिसळू नयेत.

चालू सर्व्हरवरील भार

चालू सर्व्हर थांबविणे रुग्णालयास परवडणारे नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू असताना प्रयोगशाळेचे अहवाल, विमा कंपन्यांच्या मंजुऱ्या आणि रक्तपेढीचे निरोप त्यावरूनच जातात. म्हणून स्थलांतर रात्रीच, थोड्या थोड्या मेलबॉक्सच्या तुकड्यांनी करण्यात आले.

तुकड्या करण्यास आणखी एक कारण होते. आत येणारे प्रत्येक जुने पत्रही प्रथम रोजकीर्दीत लिहिले जाते. जेवढा संग्रह आणावा, जवळपास तेवढ्याच आकाराच्या व्यवहारनोंदी चालू सर्व्हरवर साठतात आणि रीतसर बॅकअप झाल्यावरच त्या पुसल्या जातात. ही डिस्क भरली, तर डेटाबेस आपोआप बंद होतो. म्हणजे जुनी पत्रे आणताना आजचीच टपालसेवा ठप्प व्हावयाची. यास्तव प्रत्येक तुकडीनंतर बॅकअप, आणि बॅकअप पूर्ण झाल्यावरच पुढची तुकडी, असा क्रम ठेवला. एकूण जागाही जुन्या फाइलीच्या आकाराहून अधिक लागते. २००७ च्या आवृत्तीत एकच जोडपत्र अनेकांस गेले, तरी डेटाबेसमध्ये ते एकदाच साठविले जाई. २०१० च्या आवृत्तीपासून ही पद्धत बंद झाली व प्रत्येक मेलबॉक्समध्ये त्याची स्वतंत्र प्रत राहू लागली.

जुन्या पत्रास उत्तर देताना

संस्थेतील सहकाऱ्याने पाठविलेल्या पत्रावर प्रणाली त्याचा नेहमीचा ई-मेल पत्ता नव्हे, तर निर्देशिकेतील एक अंतर्गत पत्ता नोंदविते. नव्या निर्देशिकेत तो पत्ता अस्तित्वात नसतो. परिणामी जुन्या पत्राखाली ‘उत्तर’ हे बटण दाबून पाठविलेले पत्र, ती व्यक्ती शेजारच्याच खोलीत बसलेली असली तरी, पोहोचत नाही व परत येते. उपाय सोपा आहे. प्रत्येक व्यक्तीचा जुना अंतर्गत पत्ता तिच्या नव्या मेलबॉक्सला जादा पत्ता म्हणून जोडावा लागतो. घर बदलल्यावर टपाल कचेरीस नवा पत्ता कळवितात, तसेच हे. हे काम वेळेवर केले नाही, तर रुग्णाविषयीचा एखादा महत्त्वाचा प्रश्न उत्तरावाचून राहू शकतो.

पत्रे कोणी वाचावीत

या कामातील सर्वांत नाजूक भाग तांत्रिक नव्हता. संगणक विभागातील कर्मचाऱ्यास स्थलांतराच्या काळात कोणाचाही मेलबॉक्स उघडता येणे शक्य असते आणि त्यात रुग्णांची अत्यंत खासगी माहिती असते. चालू सर्व्हरवर मेलबॉक्स आत-बाहेर नेण्याचा अधिकार मुळात कोणासही, अगदी प्रशासकासही, दिलेला नसतो. तो मुद्दाम द्यावा लागतो. आम्ही तो केवळ कामाच्या काळापुरता दिला व काम संपताच काढून घेतला. काम करताना नेहमी दोन व्यक्ती उपस्थित राहत आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या होत.

पडताळणीही पत्रे न वाचता केली. प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची जुन्या व नव्या ठिकाणची संख्या ताडून पाहिली. तफावत आढळली तेथे कारण शोधले. शेवटची खात्री ज्याचा मेलबॉक्स त्यानेच करावयाची होती.

रुग्णालय सोडून गेलेल्या डॉक्टरांचे मेलबॉक्स हा स्वतंत्र प्रश्न होता. त्यांतील रुग्णविषयक पत्रे रुग्णालयाच्या अभिलेखाचा भाग आहेत, वैयक्तिक पत्रे त्यांची स्वतःची आहेत, आणि दोन्ही एकत्रच असतात. हे मेलबॉक्स कोणाही एकाच्या नावे न देता कुलूपबंद ठेवले आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाचे नाव व कारण लेखी कळविल्यास वैद्यकीय अभिलेख विभाग तेवढ्याच पत्राचा शोध घेऊन ते देतो. संबंधित डॉक्टरांनी मागणी केल्यास त्यांची वैयक्तिक पत्रे त्यांना परत करण्यात येतात.

पुढील व्यवस्था

अन्य सेवाभावी संस्थांस या अनुभवावरून एक सुचवावेसे वाटते. जुना व नवा सर्व्हर दोन्ही चालू असतानाच मेलबॉक्स हलविणे सर्वांत सोपे व कमी खर्चाचे असते. मात्र ही सोय लगतच्या आवृत्त्यांपुरतीच मिळते. सर्व्हर बदलताना टपाल सोबत न्यावे, ते नंतरच्या सवडीवर सोडू नये. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता वर्षातून किमान एकदा त्यातून एखादा मेलबॉक्स प्रत्यक्ष परत काढून पाहावा. आमच्या वार्षिक तपासणीत या बाबीचा आता समावेश केला आहे.

मूळ डिस्क मोहोरबंद करून अभिलेख कक्षात ठेवली आहे. रात्रपाळीत हे काम चिकाटीने पार पाडणारे संगणक व अभिलेख विभागांतील कर्मचारी, आवश्यक यंत्रसामग्रीच्या खर्चास मंजुरी देणारे विश्वस्त मंडळ आणि आपापल्या संग्रहाची पडताळणी वेळेवर करून देणारे सर्व डॉक्टर यांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. पूर्वी येथे उपचार घेतलेल्या आणि त्या काळातील ई-मेल पत्रव्यवहाराची आवश्यकता असलेल्या रुग्णांनी अथवा त्यांच्या डॉक्टरांनी वैद्यकीय अभिलेख विभागाकडे लेखी अर्ज करावा, ही विनंती.