पडद्याचा पन्हा

लखनौच्या बाजारात चिकनचे कापड घेणारा ग्राहक लांबीबरोबर पन्हाही विचारतो. त्याच शहरातील लालबागच्या नाझा मार्केटमध्ये संगणक घ्यावयास गेला, की मात्र तो ‘किती इंची?’ एवढ्या एकाच प्रश्नावर समाधान मानतो. एका आकड्यावर कापड कोणी घेत नाही; पडदा सर्रास घेतला जातो.

पडद्याचे हे इंच म्हणजे त्याची रुंदी नव्हे आणि उंचीही नव्हे, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण होय. सर्व पडदे एकाच घडणीचे होते, तोवर या मापाने काही बिघडत नसे. जुन्या संगणकांचे पडदे बहुधा ४:३ प्रमाणाचे असत. शाळेत शिकलेला ३-४-५ चा काटकोन त्रिकोणच तो! कर्ण १५ इंच असेल, तर रुंदी १२ इंच, उंची ९ इंच आणि क्षेत्रफळ १०८ चौरस इंच.

सन २००० नंतरच्या दशकात प्रथम १६:१० आणि पुढे दूरचित्रवाणीच्या संचांप्रमाणे १६:९ असे रुंद पडदे रूढ झाले. कर्ण तोच ठेवून आकृती जितकी लांबट करावी, तितके तिचे क्षेत्रफळ घटते. त्यामुळे १५.६ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ७.६५ इंच व क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस इंच भरते. आकडा वाढला, पडदा मात्र लहान झाला.

कार्यालयात हा फरक अधिक जाणवतो. पूर्वीचा १७ इंची सपाट मॉनिटर सहसा ५:४ प्रमाणाचा, म्हणजे सुमारे १०.६ इंच उंच असे. त्याच्या जागी १८.५ इंची रुंद मॉनिटर आला, तर रुंदी सुमारे तीन इंचांनी वाढते, पण उंची ९.१ इंचांवर येते. बिंदूंच्या ओळीही १०२४ वरून बहुधा ७६८ वर, म्हणजे नेमक्या पाव हिश्श्याने घटतात. चित्रपट पाहणाऱ्यास याचे दुःख नाही. खातेउतारा, खतावणी वा पत्र वाचणाऱ्यास मात्र तेवढ्याच नोंदींसाठी वारंवार खाली सरकावे लागते, आणि दिवसभर हेच काम करणाऱ्या लेखनिकाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

जुन्या पडद्याची उंची कायम राखावयाची असल्यास हिशेब सोपा आहे. जुना पडदा ४:३ असेल तर त्याच्या इंचांना १.२२ ने आणि ५:४ असेल तर १.२७ ने गुणावे. १६:९ पडद्याचा आवश्यक कर्ण मिळतो. १७ इंची ५:४ मॉनिटरच्या बदली साधारण २१.५ इंचीच घ्यावा लागतो, तो यामुळेच. किमतीची तुलनाही १८.५ इंचीशी न करता याच्याशी करणे रास्त ठरते.

अलीकडे लॅपटॉपमध्ये १६:१० प्रमाण पुन्हा दिसू लागले आहे. असा १४ इंची पडदा सुमारे ७.४ इंच उंच असतो. म्हणजे १६:९ च्या १५.६ इंचीपेक्षा तो जेमतेम पाव इंचाने ठेंगणा. वजन व जागा यांचा विचार करता लिखापढीसाठी तो सरस वाटतो. दुकानदारास कर्णाबरोबर प्रमाणही विचारावे. त्यास सांगता न आल्यास शिंप्याची फीत उपयोगी पडते. मात्र मोजताना भोवतीची चौकट वगळून केवळ उजळणाऱ्या भागाचीच रुंदी व उंची घ्यावी.