दुपारची गोळी आणि रोजा

रमजानचा महिना सुरू झाला की ऊन कलताच मोहल्ल्यातला रस्ता गजबजतो. खजुराचे ढीग, कलिंगडाच्या फोडी, कढईतून निघणारी गरम भजी आणि घड्याळाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. मगरिबच्या अजानला अर्धा तास असताना याच रस्त्यावरच्या एका औषध दुकानात एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा घसा तीन दिवस ठणकत होता. गळ्याखाली गाठी आल्या होत्या, अंगात ताप होता. तरी तिने एकही रोजा सोडला नव्हता. दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन दोघी थेट दुकानात आल्या होत्या.

दुकानदाराने अमॉक्सिसिलिनच्या पाकिटावर पेनने लिहिले : १-१-१. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. दहा दिवस.

"भाऊ, दुपारी कशी देऊ? रोजा असतो तिचा," आई म्हणाली. "इफ्तारला दोन देते, सहरीला एक. हिशेब तर तोच झाला ना?"

"हिशेब तोच होत नाही, भाभी," दुकानदार म्हणाला. "हिचा रोजा आहे हे डॉक्टरसाहेबांना सांगितलं का?"

आईने मुलीकडे पाहिले. डॉक्टरांनी विचारले नव्हते आणि या दोघींनी सांगितले नव्हते.

दर रमजानमध्ये अनेक घरांत हा प्रश्न उभा राहतो. तो फक्त मुस्लिम घरांचाही नाही. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या आजी, निर्जळी एकादशी करणारे आजोबा, पर्युषणात उपवास धरणारे शेजारी या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी अशी चिठ्ठी पडते. व्रत मोडायचे नाही आणि औषधही चुकवायचे नाही, म्हणून माणूस आपल्या मनाने वेळा बदलतो. चूक नेमकी तिथे होते.

तीन वेळा का?

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध. जंतू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधत असतो. पेनिसिलिन ते बांधकाम बिघडवते आणि जंतू फुटून मरतो. त्यासाठी औषध रक्तात पुरेसा वेळ टिकावे लागते. पण मूत्रपिंडे ते भराभर लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निरोगी असतील, तर अमॉक्सिसिलिनची रक्तातली मात्रा साधारण तासाभरात निम्मी होते.

आईच्या हिशेबातली चूक इथे कळते. एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या, तर औषध दुप्पट वेळ टिकत नाही. त्याला जेमतेम तासभर जास्त मिळतो. रोजाचे तास तर आपल्याकडे तेरा-चौदा असतात. वर पोट बिघडण्याची, मळमळण्याची शक्यता वाढते. चिठ्ठीवरच्या तीन वेळा म्हणजे तीन गोळ्यांची बेरीज नव्हे. दोन गोळ्यांमधले अंतर हाही औषधाचाच भाग आहे.

या मुलीच्या बाबतीत आणखी एक धोका होता. साधे घसे बहुधा विषाणूंमुळे दुखतात आणि त्यांना अँटिबायोटिक लागतच नाही. पण स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरला आणि त्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना पुढे रुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका सर्वाधिक. घसा दोन-तीन दिवसांत बरा वाटतो, तरी गोळ्या दहा दिवस सांगतात त्या यासाठी.

सवलत धर्मातच आहे

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. दिवसा गोळी गिळली की रोजा राहत नाही. पण ज्या सूरह बकरामध्ये रोजांचा आदेश आला, त्याच सूरहच्या १८४ आणि १८५ क्रमांकांच्या आयतींमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे. त्यांनी राहिलेल्या रोजांची संख्या इतर दिवसांत भरून काढावी. अल्लाहला माणसांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हे कारणही तिथेच सांगितले आहे. नंतर ठेवलेल्या अशा रोजाला कजा म्हणतात. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, तो प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण देतो. तो फिदिया.

तरीही आजारपणात रोजा सोडणे अनेकांना कमीपणाचे वाटते. वडीलधारी मंडळी तर ताप अंगावर काढतात. धर्माने दिलेली सवलत घेणे हे धर्म पाळणेच आहे, ही गोष्ट घराघरांत मोकळेपणाने बोलली गेली, तर असे कितीतरी आजार वाढणार नाहीत.

रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या अनेकांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. रमजान आला म्हणून ही तारीख पुढे ढकलू नये. पोषणासाठी नव्हे, तर उपचारासाठी स्नायूत दिलेल्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. मनात शंका असेल, तर इमामसाहेबांना आधी विचारावे. इंजेक्शन मात्र चुकवू नये.

डॉक्टरांना काय सांगावे?

पहिली गोष्ट, रोजा किंवा उपवास आहे हे. काही आजारांत डॉक्टर दिवसातून दोनदा घ्यायचा कोर्स देऊ शकतात. त्यासाठी कधी गोळीची ताकद बदलावी लागते, कधी औषधच बदलावे लागते. हे गणित घरी मांडायचे नाही.

दुसरी गोष्ट, ॲलर्जी. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास लागला असेल, तर ते आधी सांगायलाच हवे. 'मला पेनिसिलिन चालत नाही' असे म्हणणारा माणूसही कधी अमॉक्सिसिलिन निर्धास्त घेतो, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते. बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचावे. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लोक्सासिलिन, पिपरासिलिन ही 'सिलिन'ने संपणारी नावे एकाच घराण्यातली.

याची दुसरी बाजूही आहे. लहानपणी कधीतरी पुरळ आले म्हणून ॲलर्जीचा शिक्का बसलेल्या बहुतेक लोकांना तपासणीत ॲलर्जी निघत नाही. शिक्का चुकीचा असेल, तर चांगले आणि स्वस्त औषध उगाच हातचे जाते. पण ही खात्री डॉक्टरांनी करायची. घरी गोळी खाऊन बघायची नाही.

तिसरी गोष्ट, मूत्रपिंडाचा आजार आणि चालू असलेली इतर औषधे. विशेषतः रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट सुरू असेल, तर जरूर सांगावे.

घेताना काय पाहावे?

अमॉक्सिसिलिन जेवणाआधी किंवा नंतर, कसेही चालते. त्यात क्लॅव्युलॅनिक ॲसिड मिसळलेले असेल, तर जेवणाच्या सुरुवातीला घ्यावे, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो. पेनिसिलिन व्ही आणि क्लोक्सासिलिन मात्र रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचे असते. इफ्तारच्या दस्तरख्वानावर सगळ्या गोळ्या एकाच घासाबरोबर जात असतील, तर हा फरक दुकानातच विचारून घ्यावा.

एखादी गोळी चुकली, तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. जुलाब थोडेफार होऊ शकतात, पण पाण्यासारखे जुलाब थांबत नसतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जुलाब बंद करणारी गोळी मनाने घेऊ नये. लहान मुलांच्या औषधाची पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या खुणेपर्यंत मिसळावी. दर वेळी बाटली हलवावी आणि औषध चहाच्या चमच्याने नव्हे, सोबतच्या मापाने द्यावे. मुदत संपली की उरलेले टाकून द्यावे.

गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, चेहरा, ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर अजानची वाट पाहायची नाही आणि घरगुती उपाय करत बसायचे नाही. लगेच १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. पूर्वी हेच औषध सोसले होते, म्हणून या वेळी काही होणार नाही, असे धरून चालू नये.

अर्धवट राहिलेला उपचार

१९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. ती पेनिसिलिनची सुरुवात. पण ते औषध म्हणून हाती यायला ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांचे कष्ट लागले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिले. जंतुसंसर्गाने मरणपंथाला लागलेला तो माणूस चार-पाच दिवसांत सुधारू लागला. आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच दिले, तरी पुरले नाही. आजार उलटला आणि मार्चमध्ये तो वारला.

१९४५ मध्ये या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लेमिंग यांनी आपल्या भाषणात घसा दुखणाऱ्या एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले. तो मनानेच पेनिसिलिन विकत घेतो आणि कमी मात्रेत घेतो. घशातले जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला जडतात, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. औषध नवे होते, तेव्हाच दिलेला हा इशारा आहे.

महाराष्ट्राचेही या औषधाशी जुने नाते आहे. १९५४ मध्ये पिंपरीत सरकारी मालकीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. जे औषध एका शिपायाला पुरले नाही, ते इथल्या गरिबाच्या हातात यावे म्हणून एवढा खटाटोप झाला. आज त्याच औषधाच्या चार गोळ्या उरतात आणि पुढच्या घसादुखीसाठी डब्यात जपून ठेवल्या जातात. शेजारीण मागायला आली, तर प्रेमाने दिल्याही जातात. असे करू नये. पाकिटावरच्या उभ्या लाल रेषेचा अर्थच असा, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

त्या संध्याकाळी दुकानदाराने डॉक्टरांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, ताप आहे आणि पाणी पोटात जाणे गरजेचे आहे, तोवर रोजा नको. गोळ्या तीन वेळाच घ्यायच्या. ताप उतरला की परत दाखवा. घशाच्या या जंतूवर दोन वेळांचा कोर्सही चालतो, तो पुढचे दिवस इफ्तारनंतर आणि सहरीला लिहून देता येईल. पण हे या आजारापुरते, आणि विचारून.

मुलीचे डोळे भरून आले. या वर्षी पहिल्यांदाच तिला महिन्याचे सगळे रोजे पूर्ण करायचे होते. "अम्मी, माझे रोजे तुटणार," ती म्हणाली. "तुटत नाहीत बेटा, पुढे जातात," आई म्हणाली.

चार रोजे राहिले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी कोर्स बदलून दिला आणि मुलगी पुन्हा सहरीला उठू लागली. दहा दिवसांच्या गोळ्या तिने एकही न चुकवता संपवल्या. ईद झाल्यावर पुढच्याच आठवड्यात तिने कजा रोजे धरले. एकटीला जड जाऊ नये म्हणून त्या चारही पहाटे आई तिच्यासोबत सहरीला बसली आणि तिनेही रोजा ठेवला.