अणुयुद्धाच्या उंबरठ्यावरून महासत्ता मागे कशा फिरल्या?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा आपल्यातल्याही अनेक तरुणांच्या स्टेटसवर ‘एकदाच बॉम्ब टाका आणि विषय संपवा’ असे लिहिलेले होते. नगर ही रणगाड्यांची छावणी. गावोगावी कुणाचा ना कुणाचा मुलगा फौजेत आहे. राग आम्ही समजू शकतो. पण अणुबॉम्बने विषय संपत नाही, माणसे संपतात. म्हणून जगातल्या दोन सर्वांत मोठ्या शत्रूंनी हा विषय कसा हाताळला, ते समजून घेतले पाहिजे.

नगरच्या किल्ल्यातला कैदी

‘चले जाव’ आंदोलनात पंडित नेहरू नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी १९४४ साली येथेच लिहिले. पुढे पंतप्रधान झाल्यावर २ एप्रिल १९५४ रोजी त्यांनी लोकसभेत मागणी केली की, निदान अणुचाचण्या तरी थांबवा. त्याला कारण होते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख दूर समुद्रातल्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे २३ मच्छीमार आजारी पडले. त्यांतला एक काही महिन्यांत दगावला.

तेव्हा महासत्तांनी ऐकले नाही. त्यांना जाग यायला ऑक्टोबर १९६२ उजाडावा लागला.

तेरा दिवस

सोव्हिएत रशियाने अमेरिकेच्या दाराशी, क्युबात, गुपचूप क्षेपणास्त्रे आणली. १६ ऑक्टोबरला अध्यक्ष केनेडींना हवाई छायाचित्रे दाखवण्यात आली. सेनाधिकारी म्हणत होते, लगेच बॉम्बहल्ला करा. केनेडींनी त्याऐवजी सागरी नाकेबंदी केली, म्हणजे दोन्ही बाजूंना विचाराला वेळ मिळाला. २७ ऑक्टोबरला अमेरिकेचे टेहळणी विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. त्याच दिवशी समुद्रात कोंडलेल्या एका रशियन पाणबुडीत अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सोडण्याची गोष्ट निघाली. वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला विरोध केला आणि टॉर्पेडो सुटला नाही.

२८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे जाहीर केले. पण ही एकतर्फी माघार नव्हती. अमेरिकेने क्युबावर चढाई न करण्याचे वचन दिले आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे काढण्याचे गुप्तपणे कबूल केले. दोघांनी काही ना काही सोडले आणि समोरच्याला तोंड दाखवायला जागा ठेवली.

त्यानंतर जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशाची ‘हॉटलाइन’ ठरली. ५ ऑगस्टला हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्याच महिन्यात भारतानेही त्यावर सही केली. १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह आणि रेगन यांच्या करारानुसार २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. खेदाची बाब म्हणजे २०१९ मध्ये तो करार मोडीत निघाला.

रोहिणीचे पाणी

पाण्यावरून भांडण कसे पेटते, हे मुळा-प्रवरेच्या लोकांना सांगायला नको. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धाला उभे राहिले, तेव्हा सिद्धार्थ गौतमाने शाक्य संघात विरोध केला. दोघांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असा त्याचा ठराव होता. बहुमताने तो फेटाळला गेला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग मांडला आहे. पुढे दोन्ही बाजूंनी युद्ध टाळले आणि पाण्याच्या तंट्यांसाठी कायमचे लवाद मंडळ नेमायचे ठरले. हॉटलाइन आणि करार म्हणजे याच वाटेवरची पावले.

बाबासाहेब भाबडे नव्हते. १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या पंचशील धोरणावर टीका केली आणि चीनबाबत सावध केले. क्युबाचे संकट चालू असतानाच, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने भारतावर हल्ला केला. नुसत्या गोड शब्दांनी शांतता टिकत नाही. दोघांना बांधणारी व्यवस्था लागते.

अशी व्यवस्था आपल्याकडेही आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. १० मे २०२५ रोजी दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांचे फोनवर बोलणे झाले आणि सायंकाळी ५ पासून कारवाई थांबवण्याचे ठरले. दोनच दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती.

काही कार्यकर्ते विचारतील, मग सोनई आणि खर्ड्याच्या अत्याचारांनंतरही मागे फिरायचे का? मुळीच नाही. अत्याचार हा दोन बरोबरीच्या सत्तांमधला तंटा नसतो. तिथे न्याय मागायचा असतो, संविधानाच्या मार्गाने आणि शेवटपर्यंत. मागे घ्यायचा असतो तो विनाशाकडे उचललेला पाय.

आपल्या देशाने १९७४ च्या अणुचाचणीला बुद्धाच्या स्मिताचे नाव दिले आणि १९९८ ची चाचणी बुद्धपौर्णिमेलाच केली. बुद्धाचे नाव बॉम्बला शोभत नाही, हे ठामपणे सांगण्याचा पहिला हक्क आपला आहे. तो आपल्या विहारांतून आणि आपल्या स्टेटसवरूनही बजावू या.

जयभीम. नमो बुद्धाय.