सात अठ्ठ्याहत्तरांचा एक पंच्याण्णव होत नाही

पहाटे ५.३०

गजर व्हायच्या आधीच फोन उशीखाली थरथरायला लागला. गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. एनबीएत खेळाडूंची अदलाबदल करायचा शेवटचा दिवस. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी तीन वाजता दार बंद होतं, म्हणजे आमच्याकडे कॅलिफोर्नियात दुपारी बाराला. मी बास्केटबॉलच्या एका व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंची रेटिंग्ज ठरवतो आणि ट्रेडचा हिशेब सांभाळतो. गेमचं नाव करारामुळे लिहिता येत नाही. 'एनबीए टू के' नव्हे, एवढं आधीच सांगून टाकतो, कारण लग्नाकार्यात प्रत्येक भाचा पहिला प्रश्न तोच विचारतो.

रात्रीत बरंच घडलं होतं. जिमी बटलर मायामी सोडून आमच्या इथल्या वॉरियर्सकडे आला होता, अँड्र्यू विगिन्स तिकडे गेला होता. ब्रँडन इंग्रम टोरांटोला. लेकर्सनी शार्लटकडून मार्क विल्यम्स हा सात फुटी सेंटर उचलला होता. अँथनी डेव्हिसला त्यांनी चारच दिवसांपूर्वी डॅलसला पाठवलं होतं, त्यामुळे बास्केटखाली उभं राहायला त्यांच्याकडे खात्रीचं कुणी उरलं नव्हतं. अंथरुणातच चार ओळी टिपून घेतल्या आणि चहा टाकला.

६.१५

सांगलीत पावणेआठ झालेले. जेवायला बसण्याआधी आई-बाबांचा फोन रोजचाच. बाबा गणिताचे मास्तर, निवृत्त. दहावीच्या पेपरांना बोर्डाचे मॉडरेटर म्हणून कितीतरी वर्षं जायचे. माझं काम घरात फक्त त्यांनाच कळतं.

"तुझ्या वर्गात मुलं किती?"

"तीस संघ, प्रत्येकी पंधरा. साडेचारशे. शिवाय संघामागे तिघं उमेदवारीवर."

"आणि नापास किती?"

"कुणीच नाही, बाबा. सगळ्यात खालच्यालासुद्धा अडुसष्ट-सत्तर देतो."

"मग वरच्यांचे मार्क खरे कसे मानायचे?"

आई मागून म्हणाली, "अहो, त्याला ऑफिसला जाऊ द्या." बाबांनी मात्र नेमकं दुखणं पकडलं होतं. आमच्या धंद्यात रेटिंग शंभरापैकी असतं, पण वापरात येतात ते वरचे तीसच मार्क. बाकावर बसून टाळ्या वाजवणारा सत्तर आणि जगातला सर्वोत्तम अठ्ठ्याण्णव. 'बास्केटबॉल जीएम' नावाचा फुकट खेळता येणारा एक ब्राउझर गेम आहे, त्याची मोजपट्टी मोकळी आहे. तिथे पंचेचाळीसवाला संघात उपयोगी पडतो आणि पंचाहत्तरवाला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरू शकतो. मला ती पट्टी जास्त प्रामाणिक वाटते. पण ती आमच्याकडे आणली तर दुसऱ्या दिवशी अर्धे खेळाडू जाहीरपणे रुसतील. २०२२ मध्ये केविन ड्युरंटसारख्या माणसाने टू केमध्ये ९६ मिळाले म्हणून सगळ्यांदेखत तक्रार केली होती, की मला ९९ का नाही. शहाण्णव मिळालेला मुलगा पेपर फेरतपासणीला टाकतो, तसलंच ते.

७.२०

फ्रीमाँटहून बार्टची लोकल. खिडकीजवळ जागा मिळाली. डोळे मिटले.

८.३०

ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत. दिवस ट्रेडचा असला तरी सकाळचं पहिलं काम रेटिंगचंच. दर दोन आठवड्यांनी नवी आकडेवारी ओतायची आणि कुणाचे मार्क हलतात ते बघायचं. फ्री थ्रो सगळ्यात सोपा. समोर कुणी नाही, अंतर ठरलेलं, शंभरात किती गेले ते मोजायचं. लांबून मारायचा थ्री पॉइंटर मात्र फसवतो. आजच्याच यादीत एका पोराचे सोळांपैकी नऊ आत गेलेले दिसले. म्हणजे ५६ टक्के! तसेच मार्क दिले तर तो स्टीफन करीच्या वर जाऊन बसेल.

म्हणून प्रत्येकाच्या खात्यात आम्ही २४० खोटे शॉट आधीच टाकून ठेवतो. तेही सरासरीचे, शंभरात छत्तीस आत जाणारे. मग या पोराचा हिशेब २५६ शॉटमध्ये साधारण ९५ आत असा होतो. सदतीस टक्के आणि वर थोडं. सरासरीहून केसभर बरा. खरे शॉट वाढतील तसे खोट्यांचं वजन आपोआप कमी होतं. हजार शॉट मारलेल्या माणसाला त्या २४० ची फारशी झळ लागत नाही. ज्याने कमी मारलेत, त्याला मात्र कळ काढावी लागते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "एका चाचणीवरून मुलगा हुशार म्हणू नये, हेच ना?" हेच.

रेटिंगच्या याच खिडकीत आणखी एक गोष्ट वेगळी ठेवावी लागते. किती चांगलं करतो हा एक आकडा, किती वेळा करतो हा दुसरा. थ्री पॉइंटर उत्तम पण मारायला लाजतो, असे खेळाडू असतात. पडत नाहीत तरी मारत सुटतात, असे त्याहून जास्त. हे दोन आकडे एकत्र कालवले की पडद्यावरचा माणूस ओळखू येत नाही.

१०.००

शेजारी बसतो तो ओकलंडचा मुलगा, टेस्टर. गेम मोडून दाखवणं हीच त्याची नोकरी. नवा असताना त्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "तुमचा कॉम्प्युटर तीन बऱ्या माणसांच्या बदल्यात एक महान माणूस देतो का?" सगळ्या क्रीडा-गेमचं हे जुनं भगदाड. रेटिंगची नुसती बेरीज केली तर ७८ चे दोघं मिळून १५६ होतात आणि ९५ च्या माणसाला सहज विकत घेतात. खऱ्या कोर्टवर एका वेळी पाचच जण उतरतात. दोन अठ्ठ्याहत्तर एकाच्या जागी उभे राहू शकत नाहीत.

आमचा उपाय साधा आहे. आधी प्रत्येकाच्या रेटिंगमधून ६० वजा करायचे. कारण साठाच्या आसपासचा खेळाडू कधीही रस्त्यावरून उचलता येतो, त्याला ट्रेडमध्ये किंमत शून्य. उरलेल्याचा घन करायचा. ९५ च्या माणसाचे उरतात ३५, घन ४२,८७५. ७८ च्या माणसाचे उरतात १८, घन ५,८३२. सात अठ्ठ्याहत्तर एकत्र बांधले तरी ४०,८२४ वरच अडतात. आठवा घातला तर पारडं झुकतं. पण संघात जागा पंधराच, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक जादा माणसामागे दंड लागतो आणि कॉम्प्युटर नकारार्थी मान हलवतो. मग वय, करार आणि संघाचा इरादा यांनी हा आकडा वरखाली होतो. जिंकायला निघालेला संघ आजच्या माणसाला जास्त भाव देतो, पाडून पुन्हा बांधायला काढलेला संघ उद्याच्या ड्राफ्ट पिकला, म्हणजे नवा खेळाडू निवडायच्या हक्काला.

दोन वर्षांपूर्वी वयाच्या तक्त्यात माझ्या हातून अधिकाचं चिन्ह वजा झालं होतं. चौतीस वर्षांची माणसं सोन्याच्या भावाने गेली आणि वीस वर्षांची पोरं कचऱ्यात. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या आठवड्यात मी डबा कुणाबरोबरही खाल्ला नाही.

११.१०

आता बातम्या धबाधब यायला लागल्या. डिआंद्रे हंटर क्लीव्हलंडला. बोगदान बोगदानोविच क्लिपर्सकडे. माझ्या एका पडद्यावर बातमी आणि दुसऱ्यावर आमचा गेम. प्रत्येक व्यवहार त्यात भरून बघायचा, की नियम बसतात का.

पैशाचे नियम जितके कटकटीचे तितकेच रंजक. २०२४-२५ च्या मोसमात संघाच्या पगाराची मर्यादा १४ कोटी ६ लाख डॉलरच्या जवळपास होती. पण खरी लक्ष्मणरेषा वर होती, १८ कोटी ८९ लाखांवर. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन माणसांचे पगार एकत्र करून एक मोठा माणूस आणता येत नाही आणि पाठवला त्याहून एक डॉलरही जास्त घेता येत नाही. फीनिक्सवाले त्या रेषेच्या पलीकडे होते. बटलर त्यांनाही हवा होता, पण त्यासाठी ब्रॅडली बील कुणाच्या तरी गळ्यात बांधायला हवा होता. बीलच्या करारात लेखी अट होती, की त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येणार नाही. अशी लेखी अट तेव्हा लीगभरात बील आणि लब्रॉन जेम्स यांच्याकडेच होती. आमच्या गेममध्ये त्या दोघांच्या नावापुढे एक छोटी खूण होती. एवढ्या खुणेवर काही शे कोटींचा संघ अडून बसला.

मला आवडतो तो स्टेपियन नियम. टेड स्टेपियन हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे क्लीव्हलंडचे मालक. त्यांनी ड्राफ्टचे पिक असे उधळले, की लीगला नियमच करावा लागला: लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक कुणी देऊन टाकायचे नाहीत. लेकर्सकडे बघा. डेव्हिसबरोबर डॅलसला त्यांनी दिला २०२९ चा. विल्यम्ससाठी शार्लटला द्यायचा ठरला २०३१ चा. मधल्या २०३० चा नुसता बदलून घ्यायचा हक्क, कारण अदलाबदलीत हातात एक पिक तरी उरतो. सात वर्षांपलीकडचा पिक विकता येत नाही, म्हणून २०३१ हीच शेवटची पायरी. आमच्या कोडमध्ये हे सगळं मिळून चाळीसेक ओळींचं काम आहे. एका मालकाच्या उधळेपणाने मला नोकरी पुरवली आहे म्हणा ना.

बटलरचा व्यवहार मात्र आमच्या पडद्यावर बसेना. त्यात पाच संघ. डेनिस श्रोडर वॉरियर्सकडून निघाला, मध्ये युटाचं नाव लागलं आणि पोचला डेट्रॉइटला. आमचा पडदा तीन संघांपुढे जात नाही. शेवटी थेट फाइल उघडून एकेक नाव हाताने हलवलं.

१२.००

बारा वाजले. केविन ड्युरंट फीनिक्सलाच राहिला. आठवडाभर त्याचं नाव वॉरियर्सशी जोडलं जात होतं, आणि त्यालाच परत यायचं नाही अशाही बातम्या होत्या. आकड्यात बसणारा व्यवहार होता. त्याच्याकडे लेखी अट नाही, त्यामुळे आमच्या गेममध्ये त्याला विचारणारं कुणी नाही. 'मनात नाही' यासाठी आमच्याकडे रकाना नाही.

१.१५

डबा. पोळी, मेथीची भाजी. ओकलंडच्या मुलाने मेथी मागून घेतली. बटलर आल्याने तो हवेत होता.

२.३०

दिवसातली खरी बैठक आता. विषय एकच, लुका डॉनचिच. शनिवारी रात्री डॅलसने लुका लेकर्सना दिला आणि बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि तो २०२९ चा पिक घेतला. लुका पंचविशीचा. आठ महिन्यांपूर्वी त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं होतं. डेव्हिस मार्चमध्ये बत्तीसचा होतो. पगार दोघांचेही ४ कोटी ३० लाखांच्या आसपास, म्हणजे नियमाच्या बाजूने सगळं चोख. पण आमच्या गेममध्ये हाच प्रस्ताव ठेवला की डॅलसचा कॉम्प्युटर तोंडावर दार आपटतो. लोकांच्या तक्रारी आल्या होत्या, की खरं घडलं ते तुमच्याकडे घडतच नाही.

आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "गणित थोडं सैल करता येईल का?"

आमच्या तक्त्यात लुका ९६, डेव्हिस ९४. या मोसमापुरते जवळजवळ बरोबरीचे. फरक सगळा पुढच्या वर्षांत आहे. वय धरलं की लुकाचं पारडं दुपटीच्या पुढे जातं. ते सैल केलं तर ऑक्टोबरमध्ये गेम उघडणारा प्रत्येक पोरगा तिशी ओलांडलेला एखादा तारा देऊन पंचविशीचा लुका घेऊन जाईल. आमच्या गेममध्ये गंमत म्हणून जे आहे ते संपलंच.

आणि डॅलसने हे का केलं? त्यांचे तेव्हाचे व्यवस्थापक निको हॅरिसन म्हणाले की बचावाने स्पर्धा जिंकल्या जातात. बातम्यांत आलं की लुकाच्या तब्येतीची धास्ती होती आणि उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचे सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलर द्यावे लागले असते. यातलं पैशाचं गणित मी घालू शकतो. धास्ती कुठून घालू? ती घातली तर प्रत्येक संघाला अधूनमधून धडकी भरायला हवी. मग तो बास्केटबॉलचा गेम न राहता शेअर बाजार होईल.

मी म्हटलं, ज्याला हा व्यवहार करायचाच आहे त्याच्यासाठी सक्तीचं बटण आहे. ते दाबा, कॉम्प्युटरला विचारूच नका. पण कॉम्प्युटरने 'नाही' म्हटलं ते बरोबर आहे. खरं तर त्या रात्री त्याला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी मनातल्या मनात म्हटलं. बाई हसल्या, बहुतेक माझा चेहरा वाचून. गणिताला हात लावायचा नाही असं ठरलं.

५.००

नवी फाइल चढवली. तीस संघ, झालेले सगळे बदल. लुका लेकर्समध्ये, डेव्हिस डॅलसमध्ये, बटलर वॉरियर्समध्ये, मार्क विल्यम्स लेकर्समध्ये. टेस्टरने प्रत्येक संघ उघडून बघितला. एका संघात सोळा निघाले, एकाला काढून टाकलं. सहाच्या गाडीने घरी.

शनिवारी संध्याकाळी फोन पुन्हा थरथरला. वैद्यकीय तपासणीत अडल्यामुळे मार्क विल्यम्सचा व्यवहार लेकर्सनी रद्द केला होता. त्याच्या बदल्यात शार्लटला दिलेले डॉल्टन नेक्ट आणि कॅम रेडिश परत लेकर्सकडे, २०३१ चा पिकही परत. आमच्या चाळीस ओळींनी तो व्यवहार डोळे झाकून मंजूर केला होता. त्यात डॉक्टर नाही. जेवणाचं ताट बाजूला ठेवून मी लॅपटॉप उघडला आणि तिघांनाही हाताने आपापल्या घरी नेऊन ठेवलं.