आखाडा भरतो, पारखी कोठे गेले?

चैत्र लागला की भोर, वेल्हे आणि मुळशी या भागांत गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू होतो. रात्री पालखी-छबिना आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा, हा क्रम अनेक पिढ्या चालत आला आहे. हलगी कडाडते, पंच फेटे बांधून उभे राहतात, नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत फड चालतो. बाह्यतः काहीच बिघडलेले नाही. तरीही या आखाड्यातून एक गोष्ट हळूहळू नाहीशी होत आहे. ती म्हणजे पारखी प्रेक्षक. गर्दी असते, पण ती अबोल असते. समोर चाललेल्या झुंजीत तिचे मन गुंतलेले नसते.

कुस्तीशौकीन म्हणजे केवळ बघ्या नव्हे. जोड विजोड लागली तर तो तेथल्या तेथे हरकत घेई. कोणता मल्ल कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, गेल्या यात्रेत तो कोणाकडून पडला, हे त्याला तोंडपाठ असे. ढाक कोठे चुकली आणि घिस्सा कसा बसला, हे तो शेजाऱ्याला सांगे. खडाखडी लांबली की आवाज उठवी, आणि हरलेल्यानेही डाव देखणा टाकला असेल तर कनवटीचा रुपया काढून त्याच्या हाती ठेवी. पुढे कित्येक दिवस पारावर त्याच कुस्त्यांची उजळणी चाले. या समुदायाला ना कार्यालय होते, ना घटना, ना सभासदांची यादी. तथापि ती एक संस्थाच होती आणि मल्लविद्येचा अर्धा भार तिच्यावर होता.

या भाराचे सर्वांत बोलके उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून रक्कम उभी केली, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते परतले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. ज्यांनी ही वर्गणी दिली त्यांतल्या बहुतेकांनी ऑलिम्पिक कधी पाहिले नव्हते. त्यांना कुस्ती कळत होती, एवढेच. ते पदक खाशाबांच्या मेहनतीचे तसेच या जाणत्या शौकिनांचेही होते.

मग हा समुदाय मुका का झाला? कामथडीसारख्या गावाची जागा पाहिली की पहिले कारण ध्यानात येते. गाव पुणे-सातारा महामार्गावर, पुण्यापासून सुमारे 40 किलोमीटरवर. उत्तरेला शहर, दक्षिणेला नीरेपलीकडे शिरवळचे कारखाने. या पट्ट्यातील तरुण सकाळी कामाची पाळी गाठतो आणि रात्री परततो. पारावर बसायला त्याला उसंत नाही, आणि पार ही तर कुस्तीची खरी पाठशाळा होती. ज्ञान कानांवाटे पुढच्या पिढीकडे जात असे. तो मार्गच खुंटला.

क्रिकेटने कुस्ती गिळली, असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे. क्रिकेटने आपला प्रेक्षक परिश्रमाने घडवला. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन केले आणि ज्याने कधी बॅट हातात धरली नव्हती त्यालाही खेळ समजावून दिला. वृत्तपत्रांनी रोजच्या धावा छापल्या. कुस्तीने मात्र असे गृहीत धरले की हा मातीतला खेळ, तो सर्वांना उपजतच कळतो. शिकवावे लागत नाही असे ज्या विद्येविषयी समजले जाते ती विद्या एका पिढीत विसरली जाते.

त्यात आणखी एक पेच पडला. मातीवरचा निकाल एकच: पाठ लागली की चितपट, नाही तर बरोबरी. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची आणि गुणांची. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलले तरी गुण, ताबा मिळवला तरी गुण. आज तालमीतला मुलगा दोन्ही शिकतो. परंतु त्याच्या बापाला गादी उमगत नाही आणि त्याच्या वर्गमित्राला माती. एकाच बाकावर बसलेले दोघे निरनिराळ्या कारणांनी गप्प असतात.

प्रेक्षकाला खेळ कळेनासा झाला की काय ओढवते, याचा अनुभव जागतिक कुस्तीने घेतला आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला 2020 पासूनच्या मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली. त्या वेळी तीन स्वतंत्र फेऱ्यांची पद्धत होती आणि फेरी कोरी सुटली तर पिशवीतून चेंडू काढून पुढचा फायदा कोणाला हे ठरे. सामान्य माणसाला त्यातून कोण वरचढ हे कळणे कठीण होते. जागतिक संघटना हादरली. अध्यक्ष बदलले, फेऱ्यांचे गुण एकत्र मोजण्याचा सुबोध नियम आला, आणि सप्टेंबर 2013 मध्ये कुस्तीला स्थान परत मिळाले. पुढे स्त्रियांचे वजनगटही वाढवण्यात आले. प्राचीन ऑलिम्पिकपासून चालत आलेल्या खेळालासुद्धा प्रेक्षकापुढे नमते घ्यावे लागले, हा यातला बोध.

आपल्याकडे मात्र उपाय म्हणून इनामाचा आकडा वाढवला जातो. नामांकित मल्ल बोलावले जातात, त्यांची कुस्ती दिवस कलताना लागते, बराच वेळ खडाखडी होते आणि पुष्कळदा ती बरोबरीत सोडवली जाते. पंचक्रोशीतील मुलांच्या चुरशीच्या कुस्त्या मात्र दुपारच्या उन्हात घाईने उरकल्या जातात. ज्या मल्लाशी गावाचे नाते नाही त्याच्यासाठी कोणाचा घसा कोरडा पडणार? वादाने गलबला होतो, हेही खरे. 2025 च्या अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील पंचांच्या निर्णयाचा वाद सर्वतोमुखी झाला; पण त्या गलबल्यातून किती जणांना चितपटीचा नियम समजला, हा प्रश्नच आहे. गलबला म्हणजे जाणकारी नव्हे.

तेव्हा काम लहान आणि सातत्याचे आहे, आणि ते शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांच्या आवाक्यातले आहे. यात्रेच्या चार दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर जोडांची यादी लागावी. तीत मल्लाचे नाव, गाव, तालीम आणि वजन असावे. ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे वाचणे थोडे आवरून डावांची नावे सांगावीत. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्ती-निवेदकांनी ही कला नावारूपाला आणली आहे. ती येथेही रुजू शकेल. निकालांची एक वही शाळेने किंवा वाचनालयाने ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी वाद घालायला आधार राहील. वयस्क वस्तादांना महिन्यातून एकदा शाळेच्या मैदानावर बोलावून एकेक डाव दाखवायला सांगावे. वर्षातून एकदाच भरणाऱ्या आखाड्याने शौकीन तयार होत नाही. महिन्याकाठी दहा मुलांच्या कुस्त्या झाल्या तरी तो होतो.

आणखी एक दार उघडायचे आहे. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. तरीही यात्रेच्या आखाड्याभोवती स्त्रियांना बसायला सन्मानाची जागा क्वचितच असते. अर्धे गाव बाहेर ठेवून गर्दी का रोडावली असे विचारण्यात अर्थ नाही.

यावर कोणी म्हणेल की मुले शहराकडे निघालीच आहेत, मग हा खटाटोप कोणासाठी? याचे उत्तर असे की, शौकीन असणे ही काही मल्लाची किंवा शेतकऱ्याची मिरास नाही. पाळीवरून परतणारा कामगारही ती आवड जपू शकतो, फक्त त्याला कोणीतरी ओळख करून द्यायला हवी. खर्चाचा प्रश्न तर उद्भवतच नाही. एका मोठ्या कुस्तीच्या इनामातून वर्षभराच्या लहान कुस्त्या सहज निघतील. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये कोल्हापूरचे खासबाग मैदान खुले केले, तेव्हा हौद्याइतकाच विचार त्यांनी दूरवर बसणाऱ्या माणसालाही कुस्ती नीट दिसावी याचा केला होता. आता ती दिसते. ती कळावी, याची तजवीज येत्या चैत्रापूर्वी गावांनी करायची आहे.