वस्तऱ्याला धार देणारा समुद्रतळ

सुतारकामाच्या जुन्या पेटीत, पटाश्या आणि रंध्यांच्या खाली, बरेचदा एक तेलकट, काळवंडलेला, मधोमध खोलगट झालेला दगड सापडतो. त्यावर नाव नसते, शिक्का नसतो. तरीही तो कुठल्या डोंगरातून आला आणि किती कोटी वर्षांपूर्वी घडला, हे पुष्कळदा घरबसल्या शोधता येते. त्यासाठी लागते साबणाचे कोमट पाणी, टॉर्च, वजनकाटा आणि थोडा धीर.

तेलाची पुटे निघाली की पहिला प्रश्न विचारायचा: हा दगड खाणीतला की भट्टीतला? १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी अमेरिकेत विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवले. पुढे अशा कृत्रिम दगडांनी बाजार व्यापला. त्यांचा पोत सगळीकडे एकसारखा असतो आणि उजेडात दाणे चमचमतात. नॉर्टन कंपनीचा तपकिरी-नारिंगी ‘इंडिया’ दगड नावाने आपल्याकडचा वाटतो, पण तोही अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, कृत्रिमच. नैसर्गिक दगडात मात्र कुठे शीर, कुठे रंगाचा ढग, कुठे एखादी वाकडी रेघ दिसते.

आता समजा, दगडाची वरची बाजू पिवळसर मलईच्या रंगाची आहे आणि खालची निळसर-जांभळी. पाणी घालून पिवळी बाजू घासली की दुधाळ पाणी निघते. मग तुमच्या हातात बहुधा बेल्जियमचा कोटिक्युल आहे. आर्देन प्रदेशात व्हील्सालमच्या परिसरात त्याचे पातळ थर पाटीच्या दगडात अडकलेले सापडतात. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मँगनीजने समृद्ध असा गाळ साचला. पुढे जमिनीच्या पोटातल्या दाबाने आणि उष्णतेने त्या गाळात गार्नेटचे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास! त्याचे कोन बोथट असल्यामुळे पोलादावर उमटणारे ओरखडे उथळ राहतात, म्हणूनच युरोपातल्या न्हाव्यांनी वस्तऱ्यासाठी हा दगड जपला. दोन रंगांमधली सीमारेषा पाहायला विसरू नका. ती नागमोडी असेल तर हा जोड बहुधा निसर्गानेच घातलेला आहे; पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर पातळ कोटिक्युलला पाटीच्या दगडाचा आधार चिकटवलेला असण्याची शक्यता जास्त.

दगड पांढरा, राखाडी किंवा काळा असेल आणि त्याच्या पातळ कडेला टॉर्च धरल्यावर उजेड आत झिरपत असेल, तर अमेरिकेतल्या अर्कान्सासकडे वळायचे. तिथल्या वॉशिटा डोंगरांतला नोवॅक्युलाइट जवळजवळ शुद्ध सिलिका आहे. ३५ ते ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात ही सिलिका साचली आणि तिचा मोठा वाटा सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांतून आला. युरोपीय लोक येण्याआधी तिथले मूळ रहिवासी याच दगडाची बाणाग्रे घडवत.

याच दगडाचे मऊ आणि कठीण असे प्रकार असतात, आणि ते ओळखण्याची युक्ती आर्किमिडीजची आहे. कोरडा दगड तोला. मग दोऱ्याने टांगून, पूर्ण पाण्यात बुडवून पुन्हा तोला. कोरड्या वजनाला वजनातल्या घटीने भागा. २६५ ग्रॅमचा दगड पाण्यात १६५ ग्रॅम भरला, तर घट १०० ग्रॅम आणि उत्तर २.६५. ही तर निखळ क्वार्ट्‌झची घनता! उत्तर त्याच्या जितके जवळ, तितका दगड घट्ट, आणि पोलादावर येणारी झिलई बारीक. उत्तर २.३ च्या आसपास आले, तर दगडात सूक्ष्म पोकळ्या जास्त आहेत. तो पोलाद भराभर कापतो, पण धार थोडी खरखरीत ठेवतो.

एका कसोटीवर निकाल देऊ नका. रंग फसवतो, तेल रंग बदलते, आणि काळा दगड पाटीचाही असू शकतो. रंग, पोत, उजेड, घासलेले पाणी आणि घनता या साऱ्यांची साक्ष जुळली, तरच नाव ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: असा दगड हाती आला तर पॉलिशपेपरने घासून नवा करण्याची घाई करू नका. चिकटलेल्या कागदाचा तुकडा, लाकडी डबी, कडेवरची पुसट अक्षरे, हे सगळे आधी नीट पाहा आणि जपा. एकदा पुसलेला पुरावा परत मिळत नाही.