रेडिएटरचा पंखा: क्लचवरचा ठेवावा की विजेवरचा बसवावा?

मागच्या वेळी आपण इंजिनात पाणी कसं फिरतं, थर्मोस्टॅट काय करतो, हे पाहिलं. व्याख्यान संपल्यावर दोन-तीन जणांनी जवळपास एकच प्रश्न विचारला: "सर, जुनी डिझेल जीप आहे, घाटात तापते. मिस्त्री म्हणतो, इंजिनवरचा मोठा पंखा काढून टाका, इलेक्ट्रिक फॅन बसवा. तापायचीही थांबेल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल. करू का?" आज याच प्रश्नाचं उत्तर शोधू. निर्णय चुकला तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि घरची माणसं भर उन्हात घाटाच्या वळणावर बसून राहतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा प्रश्न सगळ्या गाड्यांचा नाही. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते तसंच असतं. इंजिनची पुली बाजूच्या चाकाकडे तोंड करून असते आणि रेडिएटर समोर असतो. तिथे पुलीवर पंखा लावून उपयोग नाही, म्हणून विजेचाच पंखा लागतो. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत असतं, त्या जीप, पिकअप, मोठ्या एसयूव्ही यांच्या मालकांपुढेच ही निवड असते.

आता पंखा लागतो कधी, ते बघू. गाडी पन्नास-साठच्या पुढे धावत असेल, तर समोरून येणारा वाराच बहुतेक वेळा पुरतो. पंखा लागतो तो दोन प्रसंगी. एक, ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना. दुसरा, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असताना. दोन्हीकडे वारा नाही, पण हे दोन प्रसंग सारखे मुळीच नाहीत.

थोडा हिशेब करू. एक लिटर डिझेल जळलं की साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा मिळते. त्यातला ढोबळ मानाने पाव ते एक तृतीयांश भाग कुलंटमध्ये उष्णता म्हणून जातो. अडीच लिटरचं इंजिन नुसतं आयडलला चालू असेल, तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल खातं. म्हणजे रेडिएटरला दोन-अडीच किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची असते. तीच गाडी मे महिन्यात माणसं आणि सामान भरून चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली घाट चढतेय असं समजा. त्या चढावर तासाला १२ लिटरच्या दराने डिझेल जळत असेल, तर कुलंटमध्ये तीस ते चाळीस किलोवॉट उष्णता येते. बारा-पंधरा पट! आपल्या पंख्याची खरी परीक्षा तिथे आहे.

आता क्लचचा पंखा कसा चालतो ते पाहू. जुन्या अँबॅसॅडरचा पंखा पुलीला थेट जोडलेला असायचा. इंजिन जितकं फिरेल तितका तो फिरणार. यात एक तोटा आहे. पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट येते, पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते. १५०० फेऱ्यांना अर्धा किलोवॉट खाणारा पंखा ३००० फेऱ्यांना चार किलोवॉट खातो. हायवेवर जिथे त्याची गरजच नाही, तिथे तो सगळ्यात जास्त खातो.

यावर उपाय म्हणून व्हिस्कस क्लच आला. पुली आणि पंखा यांच्यामध्ये एक बंद डबी, आत घट्ट सिलिकॉन तेल. डबीच्या तोंडावर दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली, साधारण ६५ ते ७५ अंशांच्या घरात गेली, की ती स्प्रिंग वळते, आतली झडप उघडते आणि तेल चकत्यांच्या खाचांमध्ये शिरतं. तेलाच्या घट्टपणामुळे पंखा पुलीबरोबर ओढला जातो. हवा थंड झाली की तेल परत मागे जातं आणि पंखा सैल, संथ फिरतो. सकाळी गाडी चालू केल्यावर पहिलं मिनिटभर घोंघावल्यासारखा आवाज येतो ना? रात्रभर उभ्या गाडीत तेल खाचांमध्ये उतरलेलं असतं, त्याचा तो आवाज. काळजी करू नका.

म्हणजे घाटात काय होतं? इंजिन २५०० फेऱ्यांवर, क्लच पकडलेला, मोठा पंखा दोन हजारांच्या आसपास फिरतोय. जोर जितका जास्त, तितकी हवा जास्त. ट्रॅफिकमध्ये मात्र इंजिन ७५० वर, म्हणून पंखाही हळू. एसी चालू असेल तर थंडावा कमी पडतो, कारण एसीच्या कंडेन्सरलाही हवा याच पंख्याकडून मिळते.

विजेच्या पंख्याचं नेमकं उलटं. इंजिन आयडलला असलं तरी तो पूर्ण वेगाने फिरतो. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकला तो उत्तम. पण घाटात इंजिन कितीही ओरडलं तरी त्याचा वेग वाढत नाही. बाजारात सहज मिळणारा ३०० वॉटचा पंखा ३०० वॉटचंच काम करणार. कंपनीने पहिल्यापासून विजेवर आखलेल्या गाड्यांमध्ये पंखा, रेडिएटर, अल्टरनेटर हे सगळं त्या हिशेबाने मोठं दिलेलं असतं. आपण बाहेरून बसवतो तेव्हा तो हिशेब आपल्याला करावा लागतो.

आणि वीज फुकट येत नाही. ३०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला २५ अँपिअर. अल्टरनेटरची कार्यक्षमता पंचावन्न टक्के धरली, तर त्यासाठी इंजिनकडून साडेपाचशे वॉट, म्हणजे जवळजवळ पाऊण हॉर्सपॉवर घ्यावी लागते. असे दोन पंखे लावले तर ५० अँपिअर. जुन्या गाडीचा अल्टरनेटर ६५ अँपिअरचा असेल आणि आयडलला तो त्याच्या निम्मंही देत नसेल, तर रात्री, पावसात, हेडलाइट आणि वायपर चालू असताना बॅटरी उतरणारच. अ‍ॅव्हरेजचं म्हणाल, तर थेट जोडलेला पंखा काढलात तर फरक जाणवेल. क्लच चांगला असेल तर फरक फार थोडा पडतो, कारण हायवेवर तो आधीच सैल असतो.

एका जागी मात्र विजेचा पंखा नक्की सरस आहे. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालावी लागली, तर इंजिनवरचा पंखा पाण्यात फिरतो, त्याची पाती पुढे वाकतात आणि रेडिएटर फाडू शकतात. विजेचा पंखा बटणाने बंद करता येतो.

मग निर्णय कसा घ्यायचा? तुमची गाडी जास्त कशात अडकते ते बघा. घाट, ओझं, ट्रेलर असेल तर क्लचचा पंखा ठेवा. शहर, एसी, हलकं काम असेल तर विजेचा चालेल. पण त्याआधी दुखणं पंख्याचंच आहे का, ते तपासा. इंजिन बंद करून गरम असताना पंखा हाताने ढकलून बघा. थोडा विरोध करून थांबला तर ठीक. भिंगरीसारखा चार-पाच फेऱ्या फिरला, किंवा क्लचवर तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच गेला. तो बदला, काम झालं. पंख्याभोवतीचं श्राउड जागेवर आहे का? ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता कडेची गरम हवाच फिरवत बसतो. कित्येक गाड्यांचं श्राउड रेडिएटरच्या कामात काढलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. नळाचं पाणी घालून रेडिएटर आतून बुजलाय का, जाळीत चिखल आहे का, तेही बघा.

एवढं करूनही विजेचा बसवायचा ठरवलात, तर रिले, फ्यूज, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग हवंच. मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढते. पंखा चालू करणारा स्विच थर्मोस्टॅटच्या उघडण्याच्या तापमानाच्या वरचा घ्या, नाहीतर पंखा दिवसभर चालू राहील. बसवून झाल्यावर रेडिएटरच्या पुढे कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून पुढे आला तर वायर उलट्या जोडल्या आहेत.

श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. गाडी थंड राहते म्हणाला. बरोबर आहे का?

नाही. सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं आणि झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

प्रश्न: घाटात काटा लालपर्यंत आलाच तर?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी बाजूला घ्या. वाफ नसेल आणि क्लचचा पंखा असेल तर न्यूट्रलमध्ये थोडा रेस देऊन १५०० वर ठेवा, पंखा जोरात फिरेल. विजेचा असेल तर आयडल पुरे, पण पंखा खरंच फिरतोय ना, हे आधी बघा. फ्यूज उडाला तर तो सांगत नाही, काटाच सांगतो. वाफ येत असेल किंवा काटा खाली येत नसेल तर इंजिन लगेच बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण किमान अर्धा तास उघडू नका. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढलंत की दाब जातो, तेच पाणी एकदम उकळून अंगावर येतं.

आज इथेच थांबू. घरी गेल्यावर इंजिन बंद करून, गाडी गरम असतानाच पंखा एकदा हाताने फिरवून बघा. पंखा विजेचा असेल तर मात्र हात लांब ठेवा, कारण चावी बंद असली तरी तो अचानक चालू होऊ शकतो.